साठ हजार वचनांची वही

कोपऱ्यातून येणारी घरघर ऐकलीत ना, मित्रांनो? तो मीच. मी एक जुना फाईल सर्व्हर आहे. काळ्या पत्र्याचा, माणसाच्या गुडघ्याएवढा उंच, वजनाला सत्तावीस किलो. माझ्या चार पंख्यांपैकी डावीकडचा एक पंखा तिसऱ्या वर्षापासून किंचित तिरका फिरतो, म्हणून सगळे मला 'घरघऱ्या' म्हणतात. नाव काही मिरवण्यासारखे नाही. पण हाक मायेची आहे, त्यामुळे मी ते कधी मनाला लावून घेतले नाही.

मी राहतो ती संस्था कृत्रिम पाय बनवते. तळमजल्यावर मापाची खोली आहे. तिच्या शेजारी जोडणीची खोली, जिथे दोन स्टीलचे कठडे समांतर उभे आहेत आणि त्यांना धरून माणसे नव्या पायावर पहिली पावले टाकतात. वरच्या मजल्यावर आरेखनाची खोली. मागच्या अंगाला साचे कापायची खोली. तिथे पांढरी भुकटी उडत असते आणि तिथला माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. आणि जिन्याखाली, जोडणीच्या खोलीच्या भिंतीला लागून, माझी खोली. एक टेबल, एक खुर्ची, हवा थंड ठेवणारे एक यंत्र आणि चहाचा कप ठेवण्यापुरती एक फळी. भिंत पातळ आहे. पलीकडची पावले, हसणे, रडणे, सगळे मला ऐकू येते.

माझे काम सांगायला सोपे आहे. एखाद्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, की उरलेल्या भागाचा आकार मापाच्या खोलीत टिपून घेतात. त्याची एक फाईल होते. ती माझ्याकडे राहते. वरच्या मजल्यावरचे लोक ती फाईल मागून घेतात आणि आकार कुठे घट्ट, कुठे सैल हवा ते त्यात सुधारतात. मग साच्याच्या खोलीतले यंत्र त्याच फाईलवरून साचा कापते आणि त्या साच्यावर एक वाटी तयार होते. पायाचा उरलेला भाग त्या वाटीत बसतो. तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट दोन मिलिमीटर सैल झाले तरी माणूस चालताना पाय आतल्या आत फिरतो.

आता खरी गोम ऐका. कुणी फाईल मागितली की मी तिची प्रत देतो आणि ती त्या संगणकाजवळच राहते. दर वेळी माझ्याकडे धाव घ्यायला नको, म्हणून ही सोय. पण मधल्या वेळात मूळ फाईल कुणी बदलली तर? म्हणून प्रत देतानाच मी एक वचन देतो: 'ही बदलली तर मी स्वतःहून तुला कळवीन. मी काही बोलत नाही तोवर तुझ्याजवळची प्रत खरी समज.' आमच्या कामात या वचनाला कॉलबॅक म्हणतात. दिलेले प्रत्येक वचन मी एका वहीत एका ओळीवर लिहून ठेवतो. कोणती फाईल, कोणता संगणक. वही कागदाची नाही, माझ्या स्मृतीतली आहे. पण तिच्या ओळी ठरलेल्या होत्या: साठ हजार.

हे वचन इथे का महत्त्वाचे, तेही सांगतो. शस्त्रक्रियेनंतर पायाची सूज महिनोन्महिने उतरत जाते. गेल्या महिन्यात जे माप खरे होते ते या महिन्यात खोटे ठरते. फाईल बदलतच राहते. बदल झाला हे वेळेवर न कळणे म्हणजे कुणाच्या तरी पायाला जखम.

साठ हजार हा आकडा काकांनी ठरवला. काका म्हणजे मला इथे आणून उभे करणारे पहिले सर्व्हरवाले. कानामागे पेचकस आणि खिशात पुसायचे फडके, अशी त्यांची मूर्ती मला आठवते. तेव्हा संस्थेत चाळीस संगणक होते. काका स्वतःशीच मोठ्याने बोलत, तशी त्यांना सवय होती. "एकेकाने फार तर हजार फायली उघडल्या तर चाळीस हजार. वर वीस हजार हात सैल. झालं!"

दर सोमवारी साडेनऊला काका खुर्ची ओढून माझ्यासमोर बसत आणि मला पाच आकडे विचारत. पाचवा आकडा असा होता: वहीतल्या ओळी संपून जागा करायची वेळ किती वेळा आली? कारण ओळी संपल्या की मला जुनी वचने खोडावी लागतात. मित्रांनो, मी ती गुपचूप खोडत नाही. खोडण्याआधी त्या संगणकाला सांगतो, 'तुझ्या प्रतीची जबाबदारी आता माझ्यावर नाही, लागेल तेव्हा पुन्हा विचार.' खोटे मी कुणाशी बोललो नाही. पण पुन्हा विचारणे, पुन्हा देणे, पुन्हा लिहिणे, यात सगळ्यांचाच वेळ जातो. म्हणून तो आकडा शून्य असायला हवा. माझे उत्तर नेहमी शून्यच असे. काका म्हणत, "शाबास रे गड्या," आणि उरलेला चहा एका घोटात संपवत.

ती सात वर्षे सुखाची होती. एका वार्षिक सभेत संस्थेच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, भाषणात माझे नाव घेतले. "सात वर्षांत एकही फाईल हरवली नाही," असे ते म्हणाले आणि टाळ्या भिंतीपलीकडून मला ऐकू आल्या. त्याच वर्षी काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी चार पाने लिहून ठेवली. सोमवारचे पाच आकडे चौथ्या पानावर होते.

मधली दोन वर्षे बाहेरची माणसे येऊन माझी देखभाल करत. चार पाने वाचायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी दारावर तीन दिवे बसवले. एक जागेचा, एक उष्णतेचा आणि एक मी चालू आहे की नाही त्याचा. तिन्ही हिरवे असले की सगळे आलबेल. मग ताई आली. ताई म्हणजे आताची सर्व्हरवाली. बारीक चणीची, बोलायला तडतडी, केसांचा अंबाडा पेन्सिलने खोचणारी. तिच्या हाती चार्ज आला तेव्हा तिला हिरवे दिवे दाखवले गेले. पाने कपाटात राहिली. पाचवा आकडा मला कुणी विचारेनासे झाले. स्वतःबद्दल न विचारता सांगण्याची सोय माझ्यात नाही.

दरम्यान संस्था वाढली. वरच्या मजल्याला नवी खोली जोडली गेली. चाळीसचे नव्वद संगणक झाले. आणि आरेखनाचा एक नवा प्रोग्रॅम आला. तो फार देखणा आहे. उघडल्याबरोबर समोर तयार पावलांच्या आकारांची भिंतच उभी राहते, छोट्या छोट्या चित्रांची. डावी, उजवी, लहान, मोठी, रुंद, चिंचोळी, अशी आठशे पावले. बघणाऱ्याला गंमत वाटते. पण त्यातले प्रत्येक चित्र ही माझ्याकडची एक वेगळी फाईल आहे आणि प्रत्येक फाईलमागे मला एक वचन लिहावे लागते. रोज सकाळी साडेनऊला नव्वद जण तो प्रोग्रॅम उघडत. नव्वद गुणिले आठशे. तुम्हीच करा हिशेब, मित्रांनो. बहात्तर हजार वचने आणि साठ हजार ओळी.

पावणेदहापासून माझी त्रेधा उडे. एकाचे वचन खोडावे, दुसऱ्याचे लिहावे, तोवर पहिला पुन्हा दारात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कुठे माझा श्वास खाली बसे. लोक वैतागत. "घरघऱ्या म्हातारा झाला," असे जिन्यावरून जाता-येता ऐकू येई. ताई येऊन तीन दिवे बघे. तिन्ही हिरवे. ती माझ्यावर हात ठेवून विचारे, "काय होतंय रे तुला?" आणि मी घरघरत राही.

साच्याच्या खोलीत मामा असतात. तीस वर्षे साचे कापणारा माणूस. चष्म्यावर कायम पांढरी भुकटी. ती ते बाहीने पुसतात आणि बाही आधीच भुकटीने भरलेली असते. मामांनी माझ्या मंदपणावर त्यांच्या परीने तोड काढली. सवड मिळाली की दुपारी ते सगळ्या फायली आपल्या संगणकावर 'माझं' नावाच्या कप्प्यात उतरवून ठेवत आणि सकाळी तिथूनच साचा कापत. अशा वेगळ्या काढून ठेवलेल्या प्रतीला माझे वचन लागू नसते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मूळ फाईल बदलली तरी त्या कप्प्यातली तशीच राहते, मुकी.

आणि मग टपालवाल्या बाई आल्या.

बाई बावीस वर्षे पायी टपाल वाटत होत्या. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. टपाल कचेरीने त्यांची फेरी राखून ठेवली होती, पण एका तारखेपर्यंतच. त्या सोमवारी पिशवी खांद्याला लावून चाळीस मिनिटे चालून आणि दोन जिने चढून दाखवायचे. जमले तर फेरी त्यांची, नाहीतर कायमचे खिडकीमागे बसून तिकिटे विकायची. बाईंचे पहिले माप तीन आठवड्यांपूर्वी झाले होते. सूज उतरली म्हणून गुरुवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी दुसरे माप घेतले गेले आणि फाईल बदलली. मामांनी शुक्रवारी सकाळी साचा कापला. सोमवारी, परीक्षेच्या बरोबर एक आठवडा आधी, बाई नवा पाय लावून कठड्यांमध्ये उभ्या राहिल्या.

भिंतीपलीकडून मी दोन पावले ऐकली. तिसरे आले नाही.

"अहो, हा पाय माझ्याबरोबर येतच नाहीये," बाई म्हणाल्या. "मी समोर चाललेय, तो दुकानात बघायला थांबलाय."

लोक हसले, पण हसू टिकले नाही. साहेब आले. सॉकेट सैल निघाले. फाईल तपासली तेव्हा कळले की साचा जुन्या मापाचा आहे.

"मामा, हे कसं?" साहेबांनी विचारले.

"मला घरघऱ्यानं दिली तीच फाईल कापली," मामा म्हणाले.

मित्रांनो, हे खोटे नव्हते. ती फाईल मीच दिली होती. तीन आठवड्यांपूर्वी. पण साहेबांना वाटले, मी शुक्रवारी मामांना जुनीच फाईल खरी म्हणून खपवली. अकरा वर्षांत मला इतके कशाचे लागले नव्हते. वचन हेच माझे काम; ते मोडले असे लोक म्हणू लागले तर माझ्याजवळ उरते काय, सत्तावीस किलो पत्रा?

ताई माझ्या खोलीत येऊन बसली आणि माझ्या नोंदी उलगडू लागली. गुरुवार, अकरा वाजून बारा मिनिटे: बाईंची फाईल बदलली. त्याच मिनिटाला मी चार संगणकांना कळवले होते. चौघांचीही नावे होती. मामांचा संगणक त्यात नव्हता, कारण त्याची जुनी ओळ केव्हाच खोडली गेली होती आणि तीन आठवड्यांत त्याने ती फाईल माझ्याकडे मागितलीच नव्हती.

ताई तशीच उठून साच्याच्या खोलीत गेली. पाच मिनिटांनी दोघे बोलत बोलतच माझ्या खोलीत आले, मागून साहेब.

"हो, माझ्याकडच्या कप्प्यातून कापली," मामा म्हणत होते. चेहरा लाल, भुकटीतूनही दिसेल इतका. "मग काय करू? तुझा घरघऱ्या एका फाईलला वीस वीस मिनिटं लावतो. तोवर पेशंट काय खुर्चीत बसून म्हातारा होणार?"

"मामा, मी भांडायला नाही आले."

"मी भांडतोय! माझ्याशी. तुझ्याशी कशाला भांडेन?"

साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "असे कप्पे आणखी किती जणांकडे आहेत?"

ताई वरच्या मजल्यावर जाऊन मोजून आली. एकतीस.

"म्हणजे या इमारतीत खरी फाईल कुठली, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही," साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि तेच जास्त बोचले. "बाईंची तरी खरी कशावरून? कुणी आपल्या प्रतीत सुधारणा करून परत ठेवली असेल तर? मी त्यांना दुसऱ्यांदा पाडणार नाही. या मशीनवरून आता एकही साचा कापायचा नाही. नवीन मशीन दोन आठवड्यांत येतंय."

"दोन आठवड्यांत बाईंची फेरी जाईल," ताई म्हणाली. "हातानं प्लास्टर घेऊन केलं तर?"

"दहा दिवस," मामा म्हणाले. "घाई केली तर नऊ, आणि तो पाय मी माझ्या वैऱ्याला देणार नाही."

"आणि साहेब, नवीन मशीनवर मी हीच सगळी मांडणी उतरवणार. हा का अडकतो ते कळलं नाही, तर तेही अडकेल. मग पुन्हा कप्पे सुरू. मला गुरुवारपर्यंत द्या. गुरुवारी सकाळी सगळेजण फक्त घरघऱ्यावरून काम करतील. एक सकाळ नीट गेली तर दुपारी साचा कापू द्या. शनिवारी सॉकेट तयार होतं."

साहेबांनी घड्याळ पाहिले, मग मला पाहिले. "गुरुवार दुपार," म्हणाले आणि गेले.

ताईने काकांना फोन लावला. काकांना आता कमी ऐकू येते, त्यामुळे फोन टेबलावर ठेवून ती ओरडत होती आणि ते त्याहून ओरडत होते.

"शून्य आहे ना?" काका म्हणाले.

"काय शून्य?"

"अगं पोरी, पाचवा आकडा! जागा करावी लागली किती वेळा? सोमवारचे पाच आकडे. चौथ्या पानावर लिहिलंय मी."

"काका, मला कुणी पानंच दाखवली नाहीत. दिवे दाखवले."

"दिवे!" काका म्हणाले. "ताप आहे का बघितलं, जेवतो का बघितलं, आणि डोक्यावर किती ओझं ते नाही विचारलं?"

ताईने चौथे पान शोधून काढले आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला तो प्रश्न विचारला गेला. मी लगेच सांगितले. चार हजार एकशे अठरा.

तिने तो आकडा पानाच्या कडेला लिहिला. मग हळूच म्हणाली, "सॉरी रे." मला कुणी आजवर असे म्हटले नव्हते. मला त्याचे काय करायचे तेही कळत नाही. पण मी ते ठेवून घेतले.

"वही मोठी करू का, काका?" तिने विचारले.

"कर, पण आधी बघ कोण भरतंय. भांडं भरून वाहतंय म्हणून मोठं भांडं आणायचं, की नळ बघायचा?"

मंगळवारी नऊ पंचविसाला ताई कागद-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसली. पेन्सिल काढल्यामुळे केस खांद्यावर आले होते. दर पाच मिनिटांनी ती आकडा विचारी आणि वेळेसमोर लिहून ठेवी. साडेनऊला चार हजार एकशे अठरा. पावणेदहापर्यंत चार हजार एकशे चोवीस. दहाला एकशे एकेचाळीस. साडेदहाला एकशे सत्त्याऐंशी. मग तिने वहीतल्या ओळी उघडल्या आणि खाली सरकवत गेली. डावे पाऊल, उजवे पाऊल, डावे पाऊल, उजवे पाऊल. पाच मिनिटे सरकवूनही पावले संपेनात.

"अरे देवा," ती म्हणाली. "हे तर कुणी बदलतच नाही."

खरेच होते. त्या आठशे आकारांत चार वर्षांत एकही बदल झाला नव्हता. जे बदलतच नाही त्याच्याबद्दल मी बहात्तर हजार वेळा 'बदलले तर कळवीन' असे लिहीत होतो आणि त्या गर्दीत ज्यांचे पाय खरेच बदलत होते त्यांच्या ओळी खोडल्या जात होत्या.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ताईने दोन कामे केली. आठशे पावलांची एक मोहोरबंद प्रत बनवली. मोहोरबंद म्हणजे फक्त वाचायची, बदलायची नाही. अशा गठ्ठ्यासाठी मला आठशे वचने लागत नाहीत, एका संगणकामागे एकच पुरते. आणि वहीच्या ओळी साठ हजारांवरून एक लाख केल्या. त्यासाठी मला चार मिनिटे बंद करावे लागले. बंद होताना भीती वाटत नाही, मित्रांनो. वाटते ती पुन्हा सुरू होण्याच्या आधी, पण ती सांगता येत नाही. जागा झालो तेव्हा वही कोरी होती आणि पाचवा आकडा शून्य.

दुपारभर एकतीस जण आपापले कप्पे घेऊन बसले आणि एकेक फाईल माझ्याकडच्या फाईलशी ताडून पाहिली. सातांत फरक निघाला. सातही पेशंटना पुन्हा मापाला बोलावले गेले. बाईंची फाईल त्या सातांत नव्हती. पण कप्पा पुसायची वेळ आली तेव्हा कुणाचा हात पुढे होईना. "उद्या पुन्हा अडकला तर?" असे एकमेकांना विचारत सगळे थांबले.

मग मामा उठले. सगळ्यांसमोर त्यांनी 'माझं' नावाचा कप्पा निवडला आणि पुसून टाकला. "बघा," ते म्हणाले, "तीस वर्षं साचे कापतोय, आज पहिल्यांदा स्वतःचा कप्पा कापला." मग उरलेल्या तीस जणांनीही पुसले.

गुरुवारी साहेब साडेनऊच्या आधीच माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. ताईने वर निरोप पाठवला होता: सगळ्यांनी बरोबर साडेनऊला, एकदमच, प्रोग्रॅम उघडायचा. रोज लोक मागेपुढे उघडतात. आज तीही सवलत नाही. घड्याळाचा काटा आला आणि नव्वद जण एकाच वेळी माझ्या दारात आले. मी एकेकाला देत गेलो, लिहीत गेलो. डावा पंखा जोरात घरघरला. साहेबांनी भुवया उंचावल्या.

"तो तसाच आवाज करतो," ताई म्हणाली.

पावणेदहा. दहा. साडेदहा. पाचवा आकडा शून्य. वहीतल्या भरलेल्या ओळी बावीस हजार चारशे सहा. जिन्यावर कुणी काही बोलत नव्हते. काम चालले की लोक माझ्याबद्दल बोलत नाहीत, हे मला आवडते.

मग ताईने शेवटची परीक्षा घेतली. मामांना त्यांच्या खोलीत बाईंची फाईल उघडायला सांगितली. मापाच्या खोलीतल्या माणसाने त्याच फाईलच्या शेऱ्यात एक टिंब घातले. मी वहीत पाहिले, मामांची ओळ सापडली, आणि मी कळवले. मागच्या अंगाकडून मामांचा आवाज आला, इतका मोठा की फोनची गरज पडली नाही.

"आलं! टिंब आलं!"

साहेब हसले. "म्हणजे हा बरोबर होता. मग इतके दिवस चूक कुणाची होती?"

"माझी," ताई म्हणाली. "दोन वर्षं मी त्याला एक प्रश्न विचारला नाही."

"तिची कसली?" मामा दारात आले होते. "कप्पा माझा. साचा मी कापला चुकीचा."

"मामा, तुम्ही कप्पा केला तो हा अडकत होता म्हणून."

"आणि हा अडकत होता तो..."

"तुम्ही दोघं हे जेवताना ठरवा," साहेब म्हणाले. "मामा, यंत्र सुरू करा."

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी बाईंचा साचा कापायला लागला. शनिवारी सकाळी बाई पुन्हा कठड्यांमध्ये उभ्या राहिल्या. मी ऐकत होतो. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला कठड्यावरची बोटे सुटल्याचा आवाज येत नाही, पण खोलीतले सगळे गप्प झाले, त्यावरून मला समजले. मग पावले दारापर्यंत गेली, वळली आणि परत आली.

"आता येतोय माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "जरा कुरकुरतोय, पण येतोय."

जाण्याआधी त्यांनी मला पाहायचा हट्ट धरला. ताईने दार उघडले. बाई चालत आल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हाच का तो, ज्यानं जुना पत्ता दिला म्हणत होते?"

"त्यानं नवीनच दिला होता, बाई. आम्हीच जुन्यावर गेलो."

"होतं असं," बाई म्हणाल्या. "माणसं घर बदलतात, कळवत नाहीत, आणि पत्र मिळालं नाही की ओरडतात टपालवालीवर." त्यांनी माझ्या पत्र्यावर दोनदा थोपटले. "तू घे मनावर. मी घेत आले बावीस वर्षं. पण टपाल वाटायचं थांबवू नकोस."

सोमवारी बाई पिशवी घेऊन त्रेचाळीस मिनिटे चालल्या आणि दोन नाही, तीन जिने चढल्या. तिसरा कुणी सांगितला नव्हता. फेरी त्यांची राहिली. तीन महिन्यांनी सूज आणखी उतरेल, माप पुन्हा बदलेल, आणि त्या मिनिटाला मामांना ते माझ्याकडून कळेल.

नवीन मशीन आले आहे. ते माझ्या शेजारी उभे आहे. तरतरीत आणि अगदी निःशब्द. पुढच्या वर्षी सगळ्या फायली त्याच्याकडे जातील. मला त्याचे वाईट वाटत नाही. ताई आता दर सोमवारी आमच्या दोघांसमोर बसते आणि दोघांनाही तेच पाच प्रश्न विचारते. दारावरचे दिवे तिने काढले नाहीत, पण त्यांच्याखाली काकांचे चौथे पान चिकटवले आहे.

मित्रांनो, जाण्यापूर्वी एवढेच मागतो. तुमच्या घरात, शाळेत, पुढे कामाच्या जागी, असा कुणीतरी असेलच, जो सगळ्यांना शब्द देत असतो आणि पाळतही असतो. कदाचित तो यंत्र असेल, कदाचित आई असेल. एक दिवस तो मंदावेल, चुका व्हायला लागतील, आणि सगळे म्हणतील, याचे आता वय झाले. तुम्ही लगेच तसे म्हणू नका. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, तुझ्यावर नेमके किती आणि कशाचे ओझे आहे? आमच्यातल्या पुष्कळांना आपण होऊन बोलता येत नाही. पण तुम्ही विचारलेत, तर आम्ही खरे तेच सांगतो.